ताईचं नाक

माझ्या ताईला वास येत नाही, हे डॉक्टर सोडले तर जगात दोघींनाच माहीत होतं. एक ती आणि दुसरी मी. आणि ताईचं सगळं नाव तिच्या नाकावर उभं होतं, तेव्हा माझी किंमत काय असायला हवी होती ते तुम्हीच ठरवा.

ताई लोकांना घरी जेवायला बोलावून वाइन शिकवायची. उन्हाळा लागला की तिच्या शनिवारच्या जेवणांना जागा मिळत नसे. फार शिजवू नका, ओट्यापाशी घाम गाळू नका, साधं थंड काहीतरी करा आणि त्याला शोभेल ती बाटली उघडा, हे तिचं सांगणं. लोकांना ते फार पटायचं. शिजवायचे मी, घाम गाळायचे मी, बाटली तेवढी ती उघडायची. काकडीचं गार सूप, टोमॅटो आणि पाव, लिंबू पिळून भाजलेला मासा, खरबुजाच्या फोडी, चीज. दिसायला सोपं. गार सूप गार राहावं म्हणून मी सकाळी सहाला उठायचे, आणि ताई पाहुण्यांना सांगायची की हे पंधरा मिनिटांत होतं.

दोन वर्षांपूर्वी तिला ताप आला. आठ दिवसांनी उतरला आणि जाताना वास घेऊन गेला. मला ते तीन आठवड्यांनी कळलं. गॅसवर दूध करपून पातेलं काळं पडलं होतं, वास जिन्यापर्यंत गेला होता, आणि ही बाई ओट्याकडे पाठ करून मासिक वाचत बसली होती. मी धावत येऊन गॅस बंद केला. तिने वळून पातेल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि तिचा चेहरा उतरला. डॉक्टर म्हणाले होते, येईल हळूहळू. आला नाही. त्या दिवशी ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडली आणि मी तिच्या केसांतून हात फिरवत राहिले. मला तिची दया आली. आणि खोटं कशाला बोलू, मला बरंही वाटलं.

कारण नाक होतं ते माझं. लहानपणी भाजी उतरली आहे का, दूध लागलं आहे का, हे आई मला विचारायची. पाहुण्यांसमोर गाणं म्हणायला मात्र ताईला उभं करायची. ताई गोरी, ताई बोलकी, ताईला चार माणसांत कसं बसावं ते कळतं. मी ज्या कारखान्याच्या कँटीनमध्ये स्वयंपाक करत होते तो बंद पडला तेव्हा मी तिच्याकडे आठ दिवसांसाठी म्हणून आले. त्याला आता चार वर्षं झाली. स्वयंपाकघरामागची खोली माझी. त्यात माझी खाट आणि कपडे धुण्याचं मशीन. मशीन फिरायला लागलं की खाटही थरथरायची. ताईला दुपारी कपडे धुवायची आवड होती, बरोबर माझ्या झोपेच्या वेळी.

तर आमचं काम असं चालायचं. शनिवारी सकाळी नऊ वाजता मी त्या दिवशीच्या वाइनची एकेक जादाची बाटली उघडायचे, वास घ्यायचे, घोट घ्यायचे आणि ताईला सांगायचे. ही हिरव्या सफरचंदाच्या सालीसारखी आहे. हिच्यात लिंबाची पानं चुरडल्यासारखं काहीतरी आहे, माशाबरोबर दे. ही गुलाबी जरा गोडसर वाटते पण शेवटी कडवट होते, खरबुजाबरोबर बरी. ही लाल अर्धा तास फ्रीजमध्ये ठेव, नाहीतर उन्हाळ्यात ती अंगावर येते. ताई वहीत लिहून घ्यायची आणि आंघोळ करता करता पाठ करायची. दुपारी तेच सगळं ती असं बोलायची की मलाच वाटे, हिला खरंच येतोय की काय वास.

एकच गोष्ट पाठ करता येत नसे. प्रत्येक बाटली वेगळी असते. दहा-वीस बाटल्यांत एखादीचं बूच खराब निघतं आणि आतली वाइन नासते. तळघरात भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा वास मारतो तिला. ती पाहुण्यांना वाढली तर शिकवणाऱ्याची अब्रू गेली, इतकं ते साधं आहे. म्हणून टोपली. ताई सगळ्यांसमोर बूच काढायची, बूच माझ्या हातात द्यायची आणि चमचाभर वाइन ग्लासात ओतून ग्लास फिरवत राहायची. मी तिच्या खांद्याशी पावाची टोपली घेऊन उभी. बाटली चांगली असली तर मी टोपली टेबलावर ठेवायचे. नासकी असली तर टोपली हातातच ठेवून, ओव्हन बघून येते, असं म्हणायचे. मग ताई डोळे मिटायची, नाक ग्लासात घालायची, कपाळाला बारीक आठी पाडायची आणि म्हणायची, "नाही. ही नको. दुसरी." पाहुणे श्वास रोखून बघत राहायचे. दोन वर्षांत चार नासक्या बाटल्या मी अशा पकडल्या आणि त्या चार बाटल्यांनीच ताईचं नाव झालं. बाई वासावरून बाटली परत पाठवते, अशी ख्याती पसरली.

आणि बाई माझ्याबद्दल काय म्हणायची? "आमच्या धाकटीला काही विचारू नका हं वाइनचं. तिला गोड आणि तिखट एवढंच कळतं." सगळे हसायचे. मीही हसायचे. झाकली मूठ सव्वा लाखाची, पण मूठ झाकून धरणाऱ्या हाताला कळ लागते, हे त्या म्हणीत कुणी सांगत नाही.

या उन्हाळ्यात मालकीणबाई आल्या. शहरातलं वाइनचं सगळ्यात मोठं दुकान त्यांचं. साठीच्या, बुटक्या, पांढरे केस कानापर्यंत कापलेले, बोलायला अगदी कंजूष. ओळीने दोन शनिवार येऊन त्या कोपऱ्यात बसल्या, जेवल्या आणि गेल्या. मग निरोप आला की दुकानाच्या वरच्या दालनात वर्षभर अशीच जेवणं ठेवायची आहेत. तिसऱ्या शनिवारी पुन्हा येतील आणि सगळं मनासारखं झालं तर तिथेच करारावर सही करतील.

ताई त्या संध्याकाळी माझ्या खोलीत येऊन माझ्या खाटेवर बसली, हेच नवल. ती म्हणाली, दालनाचं कार्ड छापायचं आहे आणि या वेळी त्यावर दोघींची नावं. मी विचारलं, छापून? ती म्हणाली, छापून. मी आणखी दोनदा विचारलं आणि तिने दोन्हीदा हो म्हटलं.

हसू नका, पण मला झोप आली नाही. त्रेचाळीस वर्षांत माझं नाव रेशनच्या कागदांवर आणि कँटीनच्या हजेरीपटावर सोडून कुठेही छापलं गेलेलं नाही. मला तिचं नाव पुसायचं नव्हतं. तिच्या खाली माझं हवं होतं, बस. कुणीतरी ते वाचेल, कुणीतरी विचारेल ही कोण, कुणी काम देईल, मी त्या मशीनच्या खोलीतून बाहेर पडेन. एवढंच हवं होतं आणि ते मला इतकं हवं होतं की मी नवीन पांढरा एप्रन शिवून घेतला.

कार्डाचा नमुना तिसऱ्या शनिवारीच सकाळी आला. छापखान्याचा माणूस पाकीट देऊन गेला आणि ते मीच फोडलं. गुळगुळीत, जाड कागद. मधोमध ताईचं नाव. खाली तीन बाटल्यांचं चित्र. अगदी तळाला, मुंगीएवढ्या अक्षरांत: जेवण, घरगुती.

ताई आरशासमोर कानातलं घालत होती. मी कार्ड तिच्यापुढे धरलं.

"कार्ड लहान आहे गं," ती म्हणाली. "दोन नावं मावत नव्हती."

"बाटल्या मावल्या की."

"बाटल्यांशिवाय कार्ड कसं दिसेल? आणि दोन नावं टाकली की लोक विचारतात, दुसरी काय करते. मग काय सांगू मी त्यांना? तूच सांग." तिने दुसरं कानातलं घातलं आणि मान हलवून पाहिलं. "सूप गार झालं ना?"

सूप गार झालं होतं. मी स्वयंपाकघरात गेले आणि मासे साफ करायला घेतले. मला रडू येईल असं वाटलं होतं, पण आला तो राग, आणि तोही शांत. मी मासे नीट धुतले, नीट पुसले, मीठ मोजून लावलं.

त्या दुपारी सहा पाहुणे आणि मालकीणबाई. खिडक्यांचे पडदे ओढून घेतलेले, पंखा चालू, टेबलावर पांढरी चादर. सुपाबरोबरची पहिली बाटली चांगली निघाली. मी टोपली ठेवली, ताई बोलली, माना डोलल्या. मग मासे आले, आणि दुसरी बाटली.

बूच माझ्या हातात पडलं आणि मला नाकापर्यंत न्यावंही लागलं नाही. ओला पुठ्ठा. ताईने चमचाभर ओतली तेव्हा तर तो वास माशाच्या, लिंबाच्या वरून चालून आला. दोन वर्षांत इतकी नासकी बाटली मी पाहिली नव्हती. ताई ग्लास फिरवत होती आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून टोपलीकडे बघत होती. नेहमीसारखी शांत, नेहमीसारखी खात्रीत. त्या खात्रीचा मला तिच्या कार्डापेक्षाही जास्त संताप आला. हिने माझं नाव खाल्लं आणि तरी हिला वाटतंय, धाकटी उभी राहील टोपली धरून.

मी टोपली टेबलावर ठेवली.

ताईने डोळे मिटले, नाक ग्लासात घातलं, खोल श्वास घेतला आणि हसली. घोट घेतला. आंबटपणा तिला जिभेवर कळतो, बाकी तिच्या लेखी ते पाणीच. "वा," ती म्हणाली आणि सगळ्यांचे ग्लास भरायला लागली. मी भिंतीला टेकून उभी राहिले. आता कुणीतरी तोंड वाकडं करेल. कुणीतरी ग्लास खाली ठेवेल, शेजारच्याकडे बघेल. मग सगळे ताईकडे बघतील, आणि ताई माझ्याकडे बघेल. त्या एका नजरेसाठी मी तिथे उभी होते.

ताई बोलत होती. हिरव्या सफरचंदाची साल. लिंबाची पानं, चुरडलेली. माझे सगळे शब्द, सकाळी नऊचे. एक गृहस्थ ग्लास नाकाशी नेऊन म्हणाले, हो हो, साल, अगदी साल. त्यांची बायको म्हणाली, मला पानं आधी आली आणि साल नंतर. चष्मेवाल्या मुलीला काहीतरी मातकट जाणवलं. ती जरा घाबरतच म्हणाली. ताईने तिला शाबासकी दिली. जुन्या वेलींना अशी मातीची आठवण असते म्हणे. हे तिने तिथल्या तिथे रचलं. मुलगी फुलली आणि तिने ग्लास पुन्हा पुढे केला. सगळ्यांनी ती घाण संपवली. माशाचे काटे आणि रिकामे ग्लास.

एकच ग्लास भरलेला होता. मालकीणबाईंचा.

मी ताटल्या उचलून आत गेले तर त्या मागोमाग स्वयंपाकघरात आल्या. त्यांच्या हातात तो ग्लास होता. त्यांनी तो मोरीत ओतला, नळ सोडून धुतला आणि पालथा ठेवला, आपल्याच घरी असल्यासारखा. मग म्हणाल्या, "तुम्हाला कळलं होतं."

मी खोटं बोलू शकले असते. पण दोन वर्षांत पहिल्यांदा कुणी मला वाइनबद्दल काही विचारत होतं. मी म्हणाले, "बूच हातात आलं तेव्हाच."

"वाटलंच. तुमच्या ताईंना वास येत नाही ना? टोपली ठेवल्याशिवाय त्या घोट घेत नाहीत. मागच्या दोन्ही वेळी मी वाइनकडे बघतच नव्हते, तुमच्या हाताकडे बघत होते." त्यांनी ओल्या बोटांनी केस मागे सारले. "आमच्याकडे रोज पेट्या येतात. मला गोदामावर एक माणूस हवं आहे, बाटली उघडून खरं सांगणारं. वर राहायला खोली आहे. आज मी तुमच्यासाठी आले होते."

हातातल्या ताटल्या ओट्यावर ठेवायचंही सुचेना. मी कसंबसं म्हणाले की मी येईन, सोमवारपासूनच येईन.

"होते म्हटलं," मालकीणबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "तुम्हाला कळलं आणि तुम्ही सहा माणसांना ती प्यायला दिलीत. रागाच्या भरात असेल, काही घरचं असेल, मला त्यात पडायचं नाही. पण तुम्ही उद्या माझ्यावर रागावलात तर?"

मी त्यांना कार्डाबद्दल सांगायला लागले. नाव, मुंगीएवढी अक्षरं, सगळं. ऐकताना माझं मलाच ते किती क्षुल्लक वाटायला लागलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, हे त्यांचं सौजन्य. मी विचारलं, मग आता ताईचं काय, सही तर नाही ना करणार.

"का नाही? लोक तुमच्या ताईंच्या बोलण्यासाठी येतात. बघितलंत ना आज? दालनात मी माझा माणूस उभा करेन टोपली घेऊन." त्यांनी हात पुसले. "मासा फार छान झाला होता."

आणि त्या बाहेर गेल्या. खरबूज वाढताना मी बघितलं, करार टेबलावर पसरला होता आणि त्या पेन मागत होत्या.

पाच वाजता शेवटचा पाहुणा गेला. ताईने सँडल काढून फेकल्या, खुर्चीत पाय पोटाशी घेऊन बसली आणि करार पुन्हापुन्हा वाचत राहिली. ती खूष होती. मला ते बघवेना. सूड घेतला आणि ज्याच्यावर घेतला त्याला पत्ताच नाही, असल्या सुडाला काय जाळायचंय?

"दुसरी बाटली नासकी होती," मी म्हणाले. "मला माहीत होतं. मी मुद्दाम टोपली ठेवली."

ताईने कागद खाली केला. तिचा चेहरा पांढरा पडला, आणि त्या अर्ध्या मिनिटात मला जे मिळालं तेवढंच काय ते मला त्या दिवशी मिळालं.

"कोण काय म्हणालं?"

"कोणी काही नाही."

"चष्मेवाली? ते मातकट म्हणाली ती?"

"तिने दोनदा मागून घेतली."

"आणि मालकीणबाई?"

इथे मी थांबले. ताईला घाबरवायला माझ्याकडे तेवढं एकच उरलं होतं. "त्यांना कळलं," मी म्हणाले. "त्यांनी ओतून दिली. तुला वास येत नाही हेही त्यांना माहीत आहे."

"कधी?"

"मासे झाल्यावर. आत येऊन बोलल्या माझ्याशी."

ताईने कराराकडे पाहिलं. खालची सही, तारीख. ती मनात हिशेब लावत होती ते मला दिसत होतं: मासे आधी, सही नंतर. "म्हणजे कळूनही सही केली," ती हळूच म्हणाली. "कळूनही."

मग ती हसायला लागली. आधी हळू, मग पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मी उभीच. शेवटी तिने पदराने डोळे पुसले.

"दोन वर्षं मी तुला घाबरत होते गं," ती म्हणाली. "सकाळी उठले की पहिला विचार तुझा. आज हिचं काही बिनसलं तर नसेल? काही बोलले तर हिला लागेल का? तुला जा म्हणायची हिंमत नव्हती माझ्यात. आणि कुणाला काही कळतच नाही. मी उगाच मरत होते."

"घाबरत होतीस तर नाव का नाही टाकलंस?"

"टाकलं असतं तर तुला कळलं नसतं का, की मी घाबरते?" तिने ते अगदी सहज सांगितलं. मग कराराची घडी घातली. "पुढच्या रविवारपर्यंत बघ कुठे सोय होते का. मी घाई करत नाही. पण बघ."

"मासा उतरलेला निघाला तर कोण सांगेल तुला?"

"ज्याला कळेल तो सांगेल. कोणी नाही सांगितलं तर चांगला होता."

मला तिला लागेल असं काहीतरी बोलायचं होतं. आईचं काही, तापाचं काही, करपलेल्या दुधाचं. सगळं आठवलं आणि सगळं आता बोथट झालेलं होतं, कारण तिला माझी भीती उरली नव्हती. मालकीणबाई मला काय म्हणाल्या, ते तिने विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं मला एकदम वाटलं. कुणाला तरी सांगावं, की त्या मला घेणार होत्या. मी ग्लास गोळा करायला लागले.

"ती बाटली ओतू नकोस," मागून ताई म्हणाली. "तळाला ग्लासभर आहे. उद्या शेजारीण येतेय, तिला देते." तिने वही उघडली आणि पेनाचं टोपण दातांनी काढलं. "तिच्याबरोबर काय बरं लागेल गं?"

"चीज," मी म्हणाले. "जुनं, खारट. त्याच्यापुढे वास लपतो."

तोंडातून गेलं तेव्हा मला कळलं की मी सांगितलं. ताईने ते लिहून घेतलं.